हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि धाराशिवचा मुक्तिलढा

व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये हिप्परगा या गावी राष्ट्रीय शाळा काढली. हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. त्या वेळी जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते आणि तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची कथा बहुधा १९३८ च्या सत्याग्रहापासून, नाहीतर थेट रझाकारांच्या दहशतीपासून सांगितली जाते. धाराशिवपुरती तरी ती या शाळेपासून सांगायला हवी. लढ्याचे नेतृत्व इथेच आकाराला आले, आणि जिथे सभा घ्यायलाही परवाना लागत होता तिथे राजकारणाला शाळेखेरीज दुसरी जागाच नव्हती.

हैदराबाद संस्थानाचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथाई मराठी, तर उरलेल्यांत कानडी आणि उर्दू भाषकांचा मोठा वाटा. राज्यकारभाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी होती, पुढे उर्दू झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे मोठे काम केले, पण तीही भाषा उर्दूच होती. शेतकऱ्याच्या पोराला पुढे शिकायचे तर आधी परकी भाषा शिकावी लागे. जमिनीचा मोठा हिस्सा जहागिरी, पायगा आणि निजामाच्या खासगी मालकीच्या ‘सर्फ-ए-खास’मध्ये अडकलेला होता. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने जाहीर सभांवर परवानगीचे बंधन घातले होते.

या मुलखाने थेट इंग्रजी अंमलही काही काळ पाहिला होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा भाग कंपनी सरकारकडे गेला. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने तो लावून दिला होता. त्या काळात इथला कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने पाहिला. ‘तारा’ या त्याच्या कादंबरीत तुळजापूरचा परिसर येतो. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला, म्हणून १८६० मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला. देताना आणि घेताना इथल्या रयतेला कोणी विचारले नाही. पुढच्या लढ्याचे मूळ कारण शोधायचे तर ते इथे सापडते: निजामाची गादी इंग्रजांच्या आधारावर उभी होती आणि लोकांच्या संमतीची तिला गरजच वाटत नव्हती.

परसत्तेखाली भाषा, जमीन आणि शाळा यांचा प्रश्न एकच होऊन बसतो, हे त्या काळी आयर्लंडने जगाला दाखवले होते. १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनच्या राज्याला जोडले गेले होते. जमीन बहुतांशी दूर राहणाऱ्या जमीनदारांची, कसणारा कूळ. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, तेव्हा दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८७९ मध्ये लँड लीगने कुळांच्या हक्कांचा लढा उभारला. १८९३ मध्ये गेलिक लीगने विस्मरणात चाललेली आयरिश भाषा पुन्हा शिकवायला घेतली. त्याच चळवळीतल्या पॅट्रिक पिअर्सने १९०८ मध्ये डब्लिनमध्ये सेंट एन्डाज ही शाळा काढली आणि मुलांना इंग्रजीबरोबर आयरिश भाषेतून शिकवायला सुरुवात केली. इंग्रजी शिक्षणपद्धती मुलांचे मन मारते, असे त्याचे ठाम मत होते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात पिअर्स पुढारी होता. ३ मे रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या आणि त्याच दिवशी त्याच्या शाळेतला सहकारी शिक्षक टॉमस मॅकडोना यालाही.

मराठी वाचकाला हे सारे अपरिचित नव्हते. न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ १९०९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. डब्लिनमध्ये उठाव चालू होता त्याच एप्रिल महिन्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ हा शब्द आणि मागणी दोन्ही आयर्लंडमधून आलेली. हिप्परग्याची शाळा सेंट एन्डाज पाहून काढली, असे मात्र म्हणता येत नाही. तिची प्रेरणा टिळकांच्या राष्ट्रीय शिक्षणाची आणि असहकार चळवळीची होती. तरीही दोन्ही शाळांचे कूळ एकच आहे. राज्यकर्त्याने आखलेल्या चौकटीबाहेर मुलांना त्यांच्या भाषेत वाढवायचे आणि त्यातून देश घडवायचा, हा विचार दोन्हीकडे सारखाच होता.

१९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर हा तरुण हिप्परग्याला आला. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठात. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर त्याने काही काळ दिल्लीत काम केले होते. शाळेत तो मुख्याध्यापक झाला आणि जानेवारी १९३० मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे हैदराबादच्या संपूर्ण लढ्याचा नेता म्हणून हेच नाव पुढे आले. बाबासाहेब परांजपे हेही त्या शाळेतले शिक्षक. १९३५ मध्ये स्वामीजी व त्यांचे काही सहकारी तिथून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयात काम करू लागले. राजकारणात उतरण्याआधी या माणसांनी जवळजवळ एक दशक वर्गात काढले. त्यांच्या पुढच्या कामातली शिस्त आणि सोशिकपणा त्या वर्षांतून आलेला आहे. त्या काळाची नोंद इतिहासात एका ओळीत उरकली जाते, हे खरोखर खटकते.

संघटना मग झपाट्याने उभी राहिली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची घोषणा झाली, पण ती रीतसर स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर ते डिसेंबर सत्याग्रह चालला, स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास धार्मिक स्वातंत्र्यासाठी आर्य समाजाचा सत्याग्रहही सुरू झाला. त्याचे केंद्र सीमेपलीकडचे सोलापूर होते. उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीचे वेदप्रकाश त्याआधीच मारले गेले होते. आर्य समाज त्यांना आपला हुतात्मा मानतो.

लढ्याची निर्णायक घडी १९४७ च्या जूनमध्ये आली. इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात विलीन होण्याची मागणी करणारा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला, सारा देश झेंडा फडकावत असताना, स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. शांतता मात्र आली नाही. सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरी नाके उद्ध्वस्त केले, दप्तरे जाळली. दुसरीकडे इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची रझाकार संघटना गावोगाव दहशत बसवत होती. तिचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्याची सुरुवात आणि रझवीचा उदय एकाच जिल्ह्यात व्हावा, ही या भूमीच्या इतिहासातली मोठी विसंगती आहे.

जिल्ह्याला सोलापूरची लांब सरहद्द लाभली होती. हजारो कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आसऱ्याला गेली, आणि त्याच पट्ट्यात स्टेट काँग्रेसचे सशस्त्र सरहद्द कॅम्प उभे राहिले. उस्मानाबादचे फुलचंद गांधी हे या लढ्यातले ठळक नाव. पुढे ते हैदराबाद राज्यात मंत्री झाले. हा झगडा हिंदू-मुसलमानांचा नव्हता, एका सत्तेविरुद्धचा होता, हे स्वामीजी वारंवार सांगत. विलीनीकरणाची बाजू लिहिणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादमध्ये मारला गेला, हे त्याचे रक्ताने लिहिलेले प्रमाण आहे.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. लोक याला आजही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल फौजेने शाबूत ताब्यात घेतला आणि किल्ल्याजवळच्या निजामी पायदळाला हटवले. महामार्ग मोकळा होताच रणगाड्यांची तुकडी जळकोटवरून पुढे सरकली आणि त्याच दिवशी उमरग्याला पोचली. दुसऱ्या तुकडीने पहाटेच तुळजापूर गाठले. तिथे निजामी पलटण आणि सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास प्रतिकार केला. पुढे लोहाऱ्याकडे जायचे होते, पण पावसाने नदी फुगली होती आणि तुकडी अडून राहिली. उस्मानाबाद शहरात रझाकारांशी गल्लोगल्ली झुंज झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ ला सेनापती अल इद्रूस यांनी जनरल ज. ना. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

त्यानंतरचे आठवडे या जिल्ह्यासाठी भयंकर होते. रझाकारांच्या अत्याचाराचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने खून, लुटालूट आणि स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद केली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. हा अहवाल अनेक दशके दडलेला राहिला आणि २०१३ च्या सुमारास वाचकांसमोर आला. मुक्तिसंग्रामाच्या कथेत हे प्रकरण टाळून चालणार नाही. आयर्लंडनेही ब्रिटनशी झालेल्या डिसेंबर १९२१ च्या करारानंतर स्वातंत्र्याची किंमत अशीच आपसात मोजली. सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि करार मान्य असलेले नि नसलेले १९२२-२३ मध्ये एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. त्यात मायकेल कॉलिन्ससारखा नेता मारला गेला.

हैदराबाद राज्य तसेच ठेवावे की भाषेनुसार विभागावे, हा वाद पुढची आठ वर्षे चालला. स्वामी रामानंद तीर्थ विभाजनाच्या बाजूने उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य तीन भाषांच्या मुलखांत वाटले गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्रात सामील झाले. लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये उरलेल्या जिल्ह्याला धाराशिव हे नाव परत मिळाले.