पाण्यावरचे धारेचे चाक

लाटणे, रवी, पाळण्याचे खांब. शिरूर-दौंडच्या बाजारात या वस्तू घेताना आपण त्यांवरून हात फिरवून पाहतो. हाताला लागतो तो गुळगुळीतपणा केवळ पॉलिशकागदाचा नव्हे; आधी तो धारेचा असतो. बोथट पटाशी लाकूड कापीत नाही, तंतू उपटते, आणि फिरत्या लाकडात अडकली तर कातार्‍याच्या हातून उसळते. म्हणून तो दिवसातून अनेकदा चाकापाशी जातो. माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला त्या चाकाविषयी बोलावेसे वाटते, कारण धारेबरोबर माणसाच्या छातीचा प्रश्नही तेथेच सुटतो किंवा अडतो.

लोहार पोलादाला ‘पाणी’ देतो हे आपणांस ठाऊक आहे. कोरडे चाक ते पाणी उतरवते. 150 मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला 2800 फेरे घेते, तेव्हा त्याची कड मिनिटाला सुमारे 1300 मीटर धावते. साध्या कार्बन पोलादाची धार 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळी पडली की तिचा कठीणपणा गेलाच. हायस्पीड पोलाद याहून पुष्कळ उष्णता सोसते. पण तापलेले हत्यार एकदम गार पाण्यात बुडवले तर त्याला सूक्ष्म तडे जाण्याची भीती असते. पाण्यावरचे 250 मिलिमीटरचे चाक मिनिटाला 90 फेरेच घेते. कडेचा वेग जेमतेम 70 मीटर. ते सावकाश चालते, पण धार जाळत नाही.

आणि धूळ उडू देत नाही. एंगल्सने 1845 साली इंग्लंडातील शेफील्डच्या धारकर्‍यांविषयी लिहिताना एका डॉक्टरचा दाखला दिला आहे: कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तिशी गाठत, ओल्या दगडावरचे पंचेचाळिशीपर्यंत जात. दगड वाळूचा, धूळ गारेची. त्या धुळीने होणार्‍या सिलिकोसिसला आजही बरे करणारे औषध नाही. अलीकडची चाके बहुधा कृत्रिम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असतात, तरी धूळ ती धूळच.

मात्र पाणी आहे म्हणून काम भागले, असे नव्हे. काम संपताच पाण्याची कुंडी खाली घ्यावी. चाक रात्रभर अर्धे बुडून राहिले तर तेवढाच भाग पाणी शोषून जड होतो, आणि सकाळी चाक हेलकावे खात फिरते. वाळूच्या दगडाचा भिजलेला भाग मऊही पडतो व लवकर झिजतो. नवे चाक बसवण्यापूर्वी, ते कोरडे असतानाच, दांड्यात अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. स्वच्छ नाद आला तर ठीक. भद्द आवाज आला तर चिरलेले समजावे. भिजलेल्या चाकाकडून हा नाद मिळत नाही.

कातार्‍याची अर्धगोल पटाशी चाकाच्या मधोमध चर पाडते. म्हणून हत्यार चाकाच्या सगळ्या रुंदीवर सरकवीत राहावे, आणि तरीही चर पडला तर हिर्‍याच्या टोकाने चाक सरळ करून घ्यावे. दर वेळी व्यास थोडा घटतो, तेव्हा हत्याराच्या टेकणीचा कोनही पुन्हा जुळवावा लागतो. पुष्कळजण हे विसरतात व धार बिघडल्याचा दोष पोलादाला देतात.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि मजुरी नगावर असेल तर तो वेळ कोणाचा? मालक म्हणतो कारागिराचा; कारागीर मग कुंडी उतरवीत नाही, चर काढीत नाही, शेवटी कोरड्या चाकाकडे वळतो. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 30 व्या कलमाने प्रत्येक धारेच्या यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित कमाल वेग लिहून लावणे बंधनकारक केले होते. पण दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांपर्यंत तो कायदा सहसा पोहोचत नसे. तेथे करारच करावा लागतो. देखभालीचा वेळ मजुरीत धरावा, ही मागणी वाटाघाटीत मी चहा-पाण्याच्या सुटीइतकीच साधी मानतो.

शेवटी कुंडीतला गाळ. त्यात पोलादाचा कीस आणि चाकाची पूड असते. तळाशी लोहचुंबक ठेवल्यास कीस एका जागी जमतो. गाळ ओला असतानाच खरवडून डब्यात भरावा. तो वाळू देऊन केरसुणीने झाडला, तर पाण्याने दिवसभर धरून ठेवलेली धूळ झाडणार्‍याच्या नाकात जाते. आणि झाडणारा बहुधा दुकानातला सर्वांत लहान पोरगा असतो.