श्रेणी कळली, पण अभ्यास कळला का?

रायपूरच्या एखाद्या मराठी घरात संध्याकाळी मुलाची गुणपत्रिका येते. आईवडील टक्के शोधू लागतात, पण टक्के कुठेच नसतात. ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या विषयापुढे नुसते ‘बी प्लस’. “म्हणजे चांगलं की वाईट?” वडील विचारतात. “ठीक आहे,” म्हणून चिरंजीव आत निघून जातात.

खरे तर रायपूरला इंजिनिअरिंगचे शिक्षण नवे नाही. जी. ई. रोडवरच्या सरकारी खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालयाची कोनशिला १९५६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. २००५ मध्ये तेच महाविद्यालय एन. आय. टी. झाले. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या घराण्यांतली मुलेही आता कॉम्प्युटरकडे वळली आहेत. बदलली आहे ती गुण देण्याची रीत.

अक्षरांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये सुचवलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ म्हणजे ९, ‘ए’ म्हणजे ८ आणि ‘बी प्लस’ म्हणजे ७. ‘पी’ला ४ गुण, म्हणजे काठावर पास. ‘एफ’ला शून्य आणि परीक्षेला गैरहजर राहिल्यासही शून्यच.

प्रत्येक विषयाला वजन असते, त्याला क्रेडिट म्हणतात. समजा, ग्राफिक्सच्या लेखी विषयाला ४ क्रेडिट व ७ गुण आहेत आणि प्रयोगशाळेला १ क्रेडिट व ९ गुण. तर २८ आणि ९ मिळून ३७. त्याला ५ ने भागले की ७.४. सगळ्या विषयांचा असाच हिशेब करून सत्राची सरासरी निघते.

उभी रेषा

पण ग्राफिक्समध्ये केवळ पाठांतर भागत नाही. पडद्यावरची रेषा म्हणजे ठिपक्यांची रांग. कोणता ठिपका उजळायचा, हे फक्त पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने ठरवण्याची युक्ती आय. बी. एम.च्या जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये शोधली. ती वहीत उतरवणे सोपे असते. पण दर वेळी एक घर उजवीकडे सरकणारा साधा प्रोग्रॅम लिहिला आणि रेषा जवळजवळ उभी काढायला सांगितली, तर ठिपक्यांमध्ये मोकळ्या जागा पडतात. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला तो लगेच दुरुस्ती सुचवतो. ज्याने मित्राचा उतरवला तो पडद्याकडे पाहत राहतो.

म्हणूनच प्रयोगशाळेतले काम, तोंडी परीक्षा आणि वर्गातला सहभाग यांना गुण असतात. अनेक संस्थांत ७५ टक्के हजेरीही लागते. चाळीस तासांपैकी अकरा बुडाले की परीक्षेला बसणेच अडू शकते.

आय. आय. टी.च्या अध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या देणाऱ्या ‘एनपीटीईएल’चा नियमही असाच आहे. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा गृहपाठांना २५ गुण आणि परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. परीक्षेत ६० मिळवणाऱ्याचे गृहपाठात ८च भरले, तर प्रमाणपत्र हुकते. आदल्या रात्रीची जागरणे तिथे उपयोगी पडत नाहीत.

आईवडिलांनी काय विचारावे?

सत्र सुरू होतानाच अभ्यासक्रमाचा कागद मुलाकडून मागून घ्यावा. लेखी परीक्षेला किती गुण, प्रयोगांना किती, काम उशिरा दिले तर किती कापले जातात आणि मित्राबरोबर मिळून काम केलेले चालते का, हे त्यात पाहावे. शंका असेल तर मुलाने पहिल्याच आठवड्यात अध्यापकांना विचारावे. निकालानंतर विचारून उपयोग नसतो.

आणि महिन्यातून एकदा तरी “किती मिळाले?”ऐवजी “काय काढलंस, दाखव बरं” असे म्हणावे. आईला प्रोग्रॅम कळायला हवा असे नाही. रेषा अखंड आहे की तुटलेली, हे तिलाही दिसते. ती का तुटली हे मुलाला सांगता आले, तर ‘बी प्लस’ची काळजी करण्याचे कारण नाही.