आठ अक्षरांत मागितलेलं आयुष्य

समोर मुडदा उभा आहे आणि तुमच्या हातात एकच सिरिंज आहे. ती टोचली की तो पुन्हा माणूस होऊन उठेल. पण त्याला माणूस व्हायचं आहे का? की तो उठल्यावर आनंदाने पुन्हा मरेल आणि रात्री तुमचाच दरवाजा फोडेल? त्याला विचारण्याची सोय नाही, कारण मुडद्यांना बोलता येत नाही.

माल्टन नावाच्या काल्पनिक शहरात हजारो लोकांना हा प्रश्न पडत होता. हे शहर केव्हन डेव्हिस या ब्रिटिश निर्मात्याने एकट्याने उभं केलं. खेळाचं नाव ‘अर्बन डेड’. तो जुलै 2005 मध्ये सुरू झाला. ब्राउझर उघडायचा, नाव नोंदवायचं आणि खेळायचं, एक पैसाही न मोजता. त्यात धावती चित्रं नव्हती की किंकाळ्यांचे आवाज नव्हते. पडद्यावर आजूबाजूच्या नऊ चौकटींचा छोटा नकाशा, काही ओळींचं वर्णन आणि थोडी बटणं, एवढाच पसारा. शहर शंभर चौकटी लांब आणि शंभर चौकटी रुंद होतं, म्हणजे 10,000 जागा: गल्ल्या, चर्च, पोलीस ठाणी, इस्पितळं, मॉल, कब्रस्तानं. शहराला लष्कराचा वेढा होता, बाहेर पडायला वाट नव्हती.

एखादी गोष्ट करायची तर कृतिगुण खर्च होत. जास्तीत जास्त 50 गुण साठत आणि दर अर्ध्या तासाला एक परत मिळे. ते संपले की खेळाडू आपल्या कामाला, कॉलेजला किंवा झोपायला निघून जाई. त्याचं पात्र मात्र जिथे थांबलं तिथेच राही, जगाच्या ताब्यात. माझ्या मते या खेळातली खरी भीती इथे होती. इतर झॉम्बी-खेळांत हल्ला होतो तेव्हा तुमच्या हातात बंदूक असते. माल्टनमध्ये हल्ला व्हायचा तेव्हा तुम्ही तिथे नसायचाच. सकाळी खेळ उघडला की रात्रीत काय घडलं ते ओळीओळीने वाचायला मिळे: कुणी दाराशी रचलेला अडथळा उपसला, कोण आत शिरलं, कुणी चावा घेतला आणि शेवटी तुम्ही कसे मेलात.

मरणानंतर खेळ संपत नसे. झॉम्बीच्या नखांनी मरा किंवा दुसऱ्या माणसाच्या गोळीने, उठायचं ते झॉम्बी म्हणूनच. म्हणजे दाराबाहेर घोंघावणाऱ्या प्रत्येक प्रेतामागे एक खराखुरा खेळाडू बसलेला होता, आणि त्यातला एखादा कालपर्यंत तुमच्याच शेजारी पहाऱ्याला उभा असे. डेव्हिसने परतीची एक वाटही ठेवली होती. ‘नेक्रोटेक’ या खेळातल्याच कंपनीच्या इमारतींमध्ये पुनरुज्जीवनाची सिरिंज मिळे. ती टोचायला 10 कृतिगुण लागत, दिवसभराच्या कमाईचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एवढी किंमत अनोळखी प्रेतासाठी मोजायची, तर ते प्रेत कुणाचं आहे हे कळायला हवं.

खेळाच्या नियमांत याचं उत्तर कुठेही लिहिलेलं नव्हतं. खेळाडूंनी ते शोधून काढलं.

पहिला शोध जागेचा होता. ज्यांना परत माणूस व्हायचं होतं अशा मेलेल्यांनी ठरावीक ठिकाणी जाऊन गप्प उभं राहायचं, असा संकेत हळूहळू रुजला. पुष्कळदा ही जागा कब्रस्तानात असे. तिथे आलेला झॉम्बी कुणावर हल्ला करत नसे. जिवंत माणूस सिरिंज घेऊन यायचा आणि एकेकाला टोचून निघून जायचा. प्रेतांची रांग लागू लागली. रेशनच्या दुकानापुढे असते तशी, शिस्तीची आणि धीराची. ही रांग मोडणं सोपं होतं. झॉम्बी मारला की अनुभवगुण मिळत, त्यामुळे नव्या बंदूकधाऱ्याला ती आयती शिकारच वाटे. तरीही रांगा टिकल्या. गोळी घालून पाडलेला पुन्हा उठायचा आणि पुन्हा तिथेच उभा राहायचा. शत्रूच्या गोटात निःशस्त्र उभं राहून ‘मी तुमचाच आहे’ असं सांगण्याची ही रीत कुणा एकाने घालून दिली नव्हती, म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते.

पण रांगेतही संशय उरायचाच. गप्प उभा आहे म्हणजे परतायचंच आहे, याची खात्री काय? दुसरा शोध लागला तो इथे, आणि तो भाषेचा होता.

झॉम्बींना मिळवता येणाऱ्या कौशल्यांत एक होतं ‘डेथ रॅटल’, म्हणजे मरणाची घरघर. 100 अनुभवगुण खर्चून ते घेतलं की मुडद्याच्या तोंडून थोडे आवाज फुटत. इंग्रजीतली आठच अक्षरं त्याच्या वाट्याला येत: ए, बी, जी, एच, एम, एन, आर आणि झेड. सोबतीला उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह अशी थोडी विरामचिन्हं. बाकी सगळी अक्षरं बंद. एवढ्या सामग्रीत गुरगुरण्यापलीकडे काही साधेल असं पाहताक्षणी वाटत नाही.

खेळाडूंनी त्यातून भाषा काढली.

एस नाही, मग झेड वापरा. ओ आणि यू नाहीत, तर त्यांच्या जागी ए चालेल. आय नाही, पण उद्गारचिन्ह उलटं धरलं की आयसारखंच दिसतं! माणसं झाली ‘हार्मन्झ’. मेंदू म्हणजे ब्रेन्स हा शब्द मधोमध उद्गारचिन्ह घेऊन उभा राहिला. या भाषेचं नावही तिच्याच अक्षरांत बसलं: ‘झॅमगर्ह’. तिचा शब्दकोश खेळाडूंनी रचला. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग टोमणे आणि घोषणा. वाचणारा थोडा वेळ अडखळतो, मोठ्याने उच्चारून पाहतो आणि एकदम अर्थ लागतो. त्या क्षणी समोरचा मुडदा मुडदा राहत नाही, कुणीतरी होतो.

रांगेतल्यांसाठी तर एकच बोल पुरेसा ठरला: ‘म्र्ह?’ तीन व्यंजनं आणि एक प्रश्नचिन्ह. कब्रस्तानात उभ्या असलेल्या प्रेताने ‘म्र्ह?’ म्हटलं की सिरिंजवाल्याला कळायचं, याला परत यायचं आहे. नुसतं गुरगुरणं आणि विनवणी यांतलं सगळं अंतर त्या प्रश्नचिन्हाने पार केलं होतं. रांगेत निमूट उभ्या राहणाऱ्या अशा झॉम्बींना खेळातले लोक ‘म्र्ह गायी’ म्हणू लागले.

जिवंतांनाही आपल्या बाजूने बरंच शिकावं लागत होतं. सुरुवातीला प्रत्येकाला वाटे की दाराशी जितकं सामान रचता येईल तितकं रचावं. पण अडथळा एका मर्यादेपलीकडे गेला की बाहेरून येणारा जिवंत माणूसही आत शिरू शकत नसे. छतांवरून शेजारच्या इमारतीत जाण्याचं कौशल्य नवख्याकडे नसायचं. तो आपल्याच लोकांच्या बंद दारापुढे मरून पडायचा आणि उठून त्याच दारावर नखं मारायचा. हे उमगल्यावर वस्त्यावस्त्यांनी आराखडे केले: या इमारती पक्क्या बंद ठेवायच्या, त्या मुद्दाम थोड्या कच्च्या. दार कच्चं ठेवायला धैर्य लागतं. ज्या वस्तीत ते नसे, ती आपल्याच हाताने बाहेरच्या मुडद्यांत भर घालत राही.

आणि मग तिसरा शोध. माझ्या दृष्टीने सगळ्यांत धक्कादायक तोच. बोलता येऊ लागल्यावर पुष्कळ मुडद्यांना परत यायचंच नव्हतं.

‘ब्रेन रॉट’ नावाचं कौशल्य घेतलं की रस्त्यात कुणी सिरिंज टोचली तरी तो झॉम्बी माणूस होत नसे. त्यासाठी वीज चालू असलेल्या नेक्रोटेक इमारतीतच सुई टोचावी लागे. खेळाडू समजून-उमजून ते घेत. रिडलीबँक या उपनगरात झॉम्बींनी प्रतिकार आघाडी उभारली. तिचा दावा होता की ही वस्ती मेलेल्यांची आहे आणि जिवंत माणसं इथे घुसखोर आहेत. ‘फीडिंग ग्रोन’ या कौशल्याने एक झॉम्बी इतरांना हाक मारू शकत असे, आणि घरात जितकी माणसं जास्त तितकी ती हाक लांब जाई. तिच्या जोडीला आता शब्द आले. विखुरलेली प्रेतं टोळ्या करून चालू लागली, मॉलला वेढे घालू लागली. कॅगर मॉलचे वेढे तर या शहराच्या इतिहासात गाजले. ‘बार्हा’ हा शब्द मेलेल्यांच्या परमानंदासाठी रूढ झाला. डेव्हिसने दिलेल्या आठ अक्षरांतून एक समाज उभा राहिला आणि त्याला जिवंतांचा हेवा वाटत नव्हता.

हे शहर जवळपास वीस वर्षं चाललं. मग ब्रिटनचा 2023 चा ‘ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट’ आला. एका वापरकर्त्याने लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं अशा सेवांवर त्याने जोखमीचं मूल्यमापन आणि देखरेखीची जबाबदारी टाकली. दंडाची कमाल मर्यादा 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जागतिक उत्पन्नाचा दहावा हिस्सा, यांपैकी जे जास्त ते. मुलांना ऑनलाइन धोक्यांपासून वाचवायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण एकट्या माणसाने फुकट चालवलेल्या खेळासमोर एवढी मोठी रक्कम उभी करणं मला अन्यायाचं वाटतं. माल्टनमध्ये माणसं माणसांशी बोलत होती, मुडदे मुडद्यांशी बोलत होते, आणि कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी तेवढं पुरेसं होतं. जबाबदाऱ्या 17 मार्च 2025 पासून लागू होणार होत्या. डेव्हिसने कायद्याचं कारण स्पष्ट सांगून त्याच्या तीन दिवस आधी, 14 मार्चला, खेळ बंद केला.