शेवटचा पगार कोणत्या तारखेपर्यंतचा?

परदेशी पाऊल : भाग ७

२० जानेवारी २०२३, शुक्रवार. अनसिंगच्या शिवारात तुरीचा हंगाम चालू होता. इकडे दुपार कलत असताना कॅलिफोर्नियात पहाट व्हायची होती, आणि त्याच सुमारास गूगलने सुमारे १२,००० जागा कमी करत असल्याचं ईमेलने जाहीर केलं. दोनच दिवसांपूर्वी मायक्रोसॉफ्टने १०,००० जागांची कपात सांगितली होती, त्याआधी ॲमेझॉनने १८,००० जागांची. मेटाने तर नोव्हेंबरमध्येच ११,००० जणांना घरी पाठवलं होतं. या लाटेत एच-१बी या नोकरीसाठीच्या अमेरिकी व्हिसावर काम करणारे भारतीय मोठ्या संख्येने सापडले. अमेरिकी नागरिकाची नोकरी गेली की त्याचा पगार थांबतो. एच-१बीवाल्याचा पगार तर थांबतोच, शिवाय त्या देशात राहण्याचे दिवसही मोजले जाऊ लागतात.

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावातून एखादा मुलगा परदेशी जातो, तेव्हा त्याच्यामागे शैक्षणिक कर्ज असतं, वडिलांनी मोडलेली ठेव असते, आणि सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराला त्याच्याकडून येणाऱ्या पैशांचा आधार असतो. म्हणून नोकरी गेल्याचं तो आठवडा-पंधरा दिवस घरी सांगतच नाही. सांगतो तेव्हा वडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘मंग आता वापस येतं का?’ प्रश्न मायेचा आहे. पण त्या दिवशी त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : शेवटचा पगार कोणत्या तारखेपर्यंतचा?

कारण सगळा हिशेब त्या तारखेपासून सुरू होतो. १७ जानेवारी २०१७ पासून अमेरिकेत एच-१बीवरच्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आहे. त्याआधी अशी नियमात लिहिलेली मुदतच नव्हती. हे ६० दिवस सलग मोजतात, सुट्ट्या-शनिवार-रविवार धरून. साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचं वेतन मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. कंपनीने जाताना हातात ठेवलेली एकरकमी भरपाई चार महिन्यांच्या पगाराइतकी असली, तरी तिने ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. आणि आय-९४ या प्रवेशनोंदीची तारीख त्याआधी संपत असेल, तर मुदतही तिथेच संपते. नेमकं हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही.

या दिवसांत काम करता येत नाही, पण काम शोधता येतं. नव्या कंपनीने मुदतीच्या आत अर्ज दाखल केला, तर मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येतं. ही सोय २००० सालच्या कायद्याने झाली. जोडीदार एच-१बीवर असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ दर्जासाठी अर्ज करता येतो. तेही नसेल तर पाहुण्याच्या म्हणजे बी-२ दर्जासाठी. अर्ज वेळेत गेला की त्याचा निकाल लागेपर्यंत सहसा देशात थांबता येतं. त्या काळात मुलाखती दिलेल्या चालतात. काम मात्र योग्य दर्जा मिळाल्याशिवाय सुरू करायचं नाही.

२०२३ च्या सुरुवातीला खंडेराव कंद यांच्या एफआयआयडीएस या भारतीय वंशाच्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ही मुदत वाढवण्याची मागणी लावून धरली. अमेरिकेच्या स्थलांतर विभागाने, म्हणजे यूएससीआयएसने, संस्थेला पत्राने उत्तर दिलं. ६० दिवसांत देश सोडण्यावाचून गत्यंतर नाही, असा काही जणांचा चुकीचा समज होतो, असं त्यात म्हटलं होतं आणि वर सांगितलेले पर्याय दिले होते. अमेरिकी अध्यक्षांच्या एका सल्लागार आयोगानेही मुदत १८० दिवस करावी अशी शिफारस केली. नियमातला आकडा मात्र ६० च राहिला. ज्या माणसाने दहा वर्षं कर भरला, मुलं तिथल्या शाळेत घातली, त्याला संसार आवरायला दोन महिने देणं हा अन्याय आहे.

ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत असलेल्यांना एक दिलासा आहे. कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर नोकरी गेली म्हणून रांगेतली तारीख सहसा जात नाही. माणूस भारतात परतला आणि पुढे दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी नव्याने अर्ज केला, तर ती जुनी तारीख त्याच्या कामी येते.

परतीच्या तिकिटाबद्दल फार कमी जणांना माहीत असतं. व्हिसाची मंजूर मुदत संपण्याआधी कंपनीने एच-१बी कामगाराला काढलं, तर त्याच्या मायदेशी परतण्याचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. बायको-मुलांचा खर्च त्यात येत नाही. आणि कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर हा हक्क उरत नाही. तेव्हा ‘राजीनामा लिहून द्या, तुमच्यासाठीच बरं’ असं कोणी सांगितलं, तर सही करण्याआधी वकिलाला विचारावं.

घाबरून लगेच विमान पकडण्याआधीही थांबावं. २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा हातात नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करताना कंपनीला १,००,००० डॉलर भरण्याची अट लागू झाली. इतकी रक्कम भरून माणूस परत बोलावणारी कंपनी विरळाच.

इतर देशांत आकडे वेगळे आहेत. सिंगापूरमध्ये परवाना रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये सहसा ६०. ऑस्ट्रेलियात आधी ६० होते. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस झाले. ऑस्ट्रेलियाने जे करून दाखवलं, ते अमेरिकेला अशक्य नाही.

आखाताची गोष्ट आणखी निराळी, कारण तिथे प्रश्न परतण्याचाच होता. २०१६ च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियातली सौदी ओजर ही बांधकाम कंपनी डबघाईला आली. हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना जेद्दाहच्या छावण्यांत अडकले. जेवणाचे हाल झाले, आणि मालकाच्या संमतीशिवाय देश सोडण्याचा परवाना मिळेना. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत अन्न पोचवलं, राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना तिकडे पाठवलं. थकलेल्या पगाराचा दावा नोंदवा आणि परत या, थांबून राहू नका, असं त्यांनी कामगारांना कळवलं. आजही आखातातून निघताना दावा आधी लेखी नोंदवावा. एकदा विमानात बसलं की पैसे मागणं फार अवघड होतं.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२३ पासून नोकरी गमावल्यास विमा मिळतो. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर हप्ता महिना फक्त ५ दिरहम. किमान १२ महिने हप्ते भरलेले असले, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. दहावी न झालेल्या ज्या कामगारांच्या पारपत्रावर ईसीआर (स्थलांतर परवानगी आवश्यक) शिक्का असतो, त्यांना आखातात जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. या योजनेतलं १० लाख रुपयांचं अपघात विमा संरक्षण अनेकांना ठाऊक असतं. पण कामगाराची चूक नसताना करार मधेच तुटला आणि भारतीय दूतावासाने तसं प्रमाणित केलं, तर परतीचं विमानभाडंही त्यात मिळतं. एजंट हे सांगतोच असं नाही.

घरच्यांनी करण्यासारखं काम आजच करता येतं. मुलाच्या किंवा मुलीच्या पारपत्राची, व्हिसाची, करारपत्राची आणि शेवटच्या पगारचिठ्ठीची प्रत अनसिंगच्या घरातल्या कपाटात असू द्या. फोनवर आवाज उतरलेला वाटला तर विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या; त्या क्षणी कर्जाच्या हप्त्याचा विषय काढू नका. परदेशातल्या नोकरीबाबत अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. भारतातून लावायचा त्याचा विनाशुल्क क्रमांक १८०० ११ ३०९०.