परदेशी जाताना फोन, सिम आणि आपला नंबर



गटांच्या बैठकीत हल्ली दोन प्रवासांचं बोलणं सारखं निघतं. एक म्हणजे काशी-अयोध्येला जोडून नेपाळची यात्रा, पशुपतिनाथ आणि जमलं तर मुक्तिनाथ. दुसरा म्हणजे लेक-जावई दुबई-शारजाला आहेत, लेकीचं बाळंतपण आहे, आई दोन-तीन महिन्यांसाठी निघाली आहे. कागदपत्रं, डिंकाचे लाडू, मसाला, सगळ्याची तयारी होते. फोनचं मात्र "तिथं गेल्यावर बघू" असं होतं. म्हणून आज फोनबद्दल बोलू.

महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशात गेलं तरी आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत. त्यामुळे पुढे नेपाळातही तसंच चालेल असं वाटतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, देवही आपलेच, हिंदीवर काम भागतं. तो परदेश वाटतच नाही. पण फोनच्या लेखी तो पक्का परदेश आहे. आपल्या कंपनीचे टॉवर देशाच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे आपला फोन तिथल्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणा म्हणून जातो, त्याला रोमिंग म्हणतात. पाहुणचाराचे पैसे ती कंपनी आपल्या कंपनीकडून घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. परदेशी रोमिंग आधी सुरू करून घेतलं नसेल तर बहुतेक प्रीपेड फोनला तिथं नेटवर्कच लागत नाही. सुरू असेल आणि पॅक मारलेला नसेल, तर बॅलन्स भराभर जातो. परदेशात आलेला कॉल उचलला तरी पैसे पडतात हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. म्हणून घरच्यांना सांगून ठेवा, उठसूट फोन करू नका, आम्हीच करू.

आता नेट कसं मिळवायचं? आपल्याच सिमवर परदेशाचा पॅक मारता येतो. तो सोपा, पण सहसा महाग. तिथलं सिम घेणं स्वस्त पडतं, त्याला थोडी खटपट आहे. आणि नुसत्या वायफायवर राहायचं म्हटलं तर लॉजवर असेपर्यंतच फोन चालणार. देवळाच्या गर्दीत चुकामूक झाली की त्याचा उपयोग नाही. चार-पाच दिवसांच्या नेपाळ यात्रेला आमच्या मते तिथलं सिम बरं. सगळ्याजणींनी घ्यायची गरज नाही. एकीच्या फोनवर हॉटस्पॉट लावून तीन-चार जणींना नेट वापरता येतं. पण बसमध्ये निदान दोन सिम तरी वेगवेगळ्या बायकांकडे असावीत, आणि ते नंबर प्रत्येकीच्या पिशवीत कागदावर लिहिलेले असावेत. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

नेपाळात एनसेल आणि नेपाळ टेलिकॉम या दोन मोठ्या कंपन्या आहेत. नेपाळ टेलिकॉमच्या सिमला लोक नमस्ते म्हणतात. डोंगराकडे, मुक्तिनाथच्या वाटेवर, तिचं नेटवर्क जास्त ठिकाणी लागतं. काठमांडूत दोन्ही चालतात. सोनौलीची सीमा ओलांडली की भैरहवा लागतं, तिथं सिम मिळतं. फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्राची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो लागतो. चार फोटो घरूनच न्या. ओळखपत्रावरून आठवलं. नुसत्या आधार कार्डावर नेपाळला जाता येतं असं धरून निघू नका. 15 ते 65 वयाच्या माणसाला मतदार ओळखपत्र नाहीतर पासपोर्ट लागतो. आधार चालतं ते पासष्टीपुढच्यांना आणि पंधराच्या आतल्या मुलांना. सिम आपल्या नावावरच घ्या. "फॉर्म नको, हे चालूच आहे" असं म्हणून कोणी दुसऱ्याच्या नावाचं देत असेल तर घेऊ नका.

आता खरी गोष्ट. तिथलं सिम घेतलं की दुकानदार आपलं जुनं सिम काढतो, नवं घालतो आणि जुनं हातात देतो. नखाएवढी वस्तू, रुमालात बांधली की हरवली. पण आपला नंबर आता नुसता बोलायचा राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, फोनपे-गुगलपे त्याला बांधलेलं, गॅसची नोंदणी त्यावर, आणि आपल्यातल्या कित्येक जणींच्या नंबरला गटाचं खातंही जोडलेलं आहे. ते सिम काढलं की ही सगळी दारं एकदम बंद होतात.

म्हणून जुनं सिम काढू द्यायचं नाही. फोनला सिमच्या दोन जागा असतील तर आपलं भारतातलं पहिल्या जागेत राहू द्या, परदेशी दुसऱ्या जागेत घाला. मग सेटिंगमध्ये सिम कार्डच्या पानावर जा. मोबाइल डेटा कुठल्या सिमचा, असं विचारलेलं असतं, तिथं परदेशी सिम निवडा. भारताच्या सिमचं "डेटा रोमिंग" बंद ठेवा, म्हणजे नेटचे पैसे त्यातून जाणार नाहीत. ओटीपीचा मेसेज मात्र त्यावर यायला हवा, त्यासाठी निघायच्या आधी कंपनीच्या दुकानात जाऊन परदेशी रोमिंग सुरू करून घ्या. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, तरी आपल्या पॅकचं दुकानातच विचारा. नवं सिम घातलं की व्हॉट्सअॅप "नंबर बदलायचा का" असं विचारू शकतं. नाही म्हणा. जुन्याच नंबरावर ते नीट चालतं.

सिमची जागा एकच असेल तर जुनं सिम कागदावर चिकटपट्टीने चिकटवा, त्यावर नंबर लिहा आणि ओळखपत्राच्या पाकिटात ठेवा. सिमचा कप्पा उघडायची पिनही त्यातच. जिओफोनसारखा बटणाचा फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, त्यात नेपाळचं सिम चालणार नाही. असा फोन असलेल्या बाईने दुसरा साधा फोन सोबत न्यावा.

फोनमधले नंबर आपण दहा आकडी साठवतो. परदेशी सिमवरून ते लागत नाहीत, पुढे अधिक चिन्ह आणि 91 लागतं. घरचे पाच-सहा नंबर तरी निघायच्या आधी तसे करून ठेवा, भारतातही ते तसेच लागतात. घरच्यांनी नेपाळच्या नंबरवर फोन करायचा तर पुढे 977, दुबईच्या नंबरला 971. नेपाळात पोलिसांचा नंबर 100, पर्यटक पोलिसांचा 1144. अमिरातीत पोलीस 999.

दुबईची गोष्ट जरा वेगळी. तिथं सिम पासपोर्टवर मिळतं, एतिसलात आणि डू या कंपन्या तिथल्या. पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मेसेज, फोटो, आवाजाचा निरोप जातो, कॉल मात्र लागत नाही. ना साधा, ना व्हिडिओ. सरकारनेच तसा नियम ठेवला आहे. हे माहीत नसलं की आई फोन बिघडला म्हणून रडते आणि इकडे घरचे घाबरतात. तिथं परवानगी असलेली बोटिमसारखी अॅप आहेत. ती दोन्हीकडे लागतात, म्हणून घरातल्या फोनवर आधीच घालून एकदा बोलून बघा. "दुसऱ्या वाटेने व्हॉट्सअॅप कॉल चालू करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, तिथला कायदा कडक आहे. हज-उमराला जाणाऱ्या बहिणींसाठी एक सांगतो. सौदीत सिम घेताना बोटांचे ठसे घेतात. शेतकामाने झिजलेली बोटं रेशनच्या यंत्रावर उमटत नाहीत हे आपण पाहतोच, तेव्हा तिथंही वेळ लागला तर गडबडू नका.

दोन-तीन महिने राहणार असाल तर भारतातल्या सिमचा रिचार्ज चुकवू नका. 90 दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. तुमच्या खात्याचे मेसेज मग त्या माणसाला. रिचार्ज गावातून मुलगाही मारू शकतो, त्याला तारीख सांगून जा.

अध्यक्ष किंवा सचिव बाहेर जाणार असेल तर हा विषय बैठकीत घ्या. हप्त्याची तारीख कधी आहे, सही कोण करणार, बँकेचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो? गरज असेल तर ठराव करून दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा नंबर बँकेत लावून घ्या. "मी तिकडून ओटीपी सांगते, तू काम उरकून घे" ही पद्धत आम्हाला मुळीच पटत नाही. बाई परदेशात आहे हे गावभर माहीत असतं आणि ठगालाही कळतं. अनोळखी नंबरावरून "मी अमकी, फोन हरवला, नवा नंबर आहे, पैसे पाठवा" असा निरोप येतो. लेकीच्या नंबरावर फोन करून खात्री होईपर्यंत एक रुपया पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

आणखी एक. तिकडे जाताय तर एवढी दोन-चार भारतीय सिम आमच्या माणसाला द्या, असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तुमच्या आधारवर सिम काढून द्या, पाचशे रुपये देतो, असं म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर. अशी सिम परदेशात बसलेल्या फसवणूक करणाऱ्यांच्या हाती जातात आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्या दारी. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथीवर दिसतं. गटातल्या एखाद्या मुलीला बसवून सगळ्याजणींचं एकदा बघून घ्या, न ओळखीचं सिम दिसलं तर तिथंच कळवता येतं.

पैशांचं थोडक्यात. नेपाळात 2024 पासून फोनपे या तिथल्या कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. ही आपल्या फोनपेहून वेगळी कंपनी, नाव ऐकून गोंधळू नका. अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी सुरू करावं लागतं. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे, तो हिशेब पैसे देताना ध्यानात ठेवा. पण नेट नसेल तिथं क्यूआर नुसता कागद, म्हणून शंभराच्या नोटा जवळ हव्यातच.

परत आलात की परदेशी सिम काढा, मोबाइल डेटा पुन्हा आपल्या सिमवर करा आणि आंतरराष्ट्रीय यूपीआय बंद करा.