रिपोर्टातला आकडा आणि सांध्यातले स्फटिक

रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्याने जागा होतो. सांधा लाल, गरम आणि इतका हळवा की चादरही सोसवत नाही. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले निघते आणि दुसऱ्या दिवसापासून घरात डाळ, टोमॅटो, पालक बंद होतात. पण दुखते ते आकड्यामुळे नाही, स्फटिकांमुळे.

पेशींतल्या आणि अन्नातल्या प्युरिनचे विघटन होऊन युरिक अ‍ॅसिड बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारे युरिकेज हे विकर असते. माणसात ते नाही. म्हणून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याचा मोठा भार मूत्रपिंडांवर पडतो. रक्तातले प्रमाण डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले, की गार पडलेल्या पाकात साखर धरावी तसे सुईच्या आकाराचे स्फटिक सांध्यात धरू लागतात. पाय शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतात. अंगठा बहुधा आधी धरतो, त्याचे हे एक कारण. पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडल्या की दाह उसळतो. हाच गाऊट.

मॅककार्टी आणि हॉलँडर या संशोधकांनी १९६१मध्ये सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने दाखवले. आजही पक्के निदान त्यानेच होते. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या अनेकांना कधीच गाऊट होत नाही आणि ऐन दुखण्यात आकडा नॉर्मलही येतो. जंतुसंसर्गातही सांधा असाच सुजतो. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वारंवार दुखणे उठत असेल तर अ‍ॅलोप्युरिनॉलसारखे औषध दीर्घकाळ घेऊन प्रमाण ६च्या खाली ठेवावे लागते. तेव्हा साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. ठणका थांबला म्हणून गोळी सोडणाऱ्याचे स्फटिक मात्र सांध्यातच राहतात. बिअर, कलेजी, मटण, तारली आणि गोड शीतपेये कमी करावीत. डाळी आणि पालेभाज्यांनी गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढते, त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

नुसता रिपोर्ट पाहून गोळ्या सुरू करू नका आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.