क्रूझ, चौदा माणसं आणि एक व्हीलचेअर

हे व्याख्यान आम्ही दोघं मिळून देतो आहोत, म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत. 'मी' म्हटलं की घरी गेल्यावर खुलासा द्यावा लागतो.

वेस्ट इंडिज म्हटलं की आमच्या घरात अजूनही १९७१ निघतं. वाडेकरांचा संघ, सरदेसाईंच्या धावा, गावस्करांच्या ७७४. त्या बेटांकडे आपण कधी जाऊ, तेही व्हीलचेअर घेऊन, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मात्र गेलो. नौपाड्याचे आम्ही पाच, डोंबिवलीचे चार आणि न्यू जर्सीचे पाच. नौपाड्याच्या पाचांतली एक आमची आत्या. वय एकाहत्तर. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आधी कॅलिपर आणि कुबड्या, आणि गेली बारा वर्षं व्हीलचेअर. बँकेत नोकरी करून निवृत्त झाली आहे. तिला उभं राहता येत नाही, पायरी चढता येत नाही. बाकी सगळं येतं. विशेषतः बोलता.

परत आल्यापासून गोखले रोडवर, राम मारुती रोडवर भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "व्हीलचेअर घेऊन क्रूझ? जमतं?" जमतं. पण त्या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न असतो, तो आम्हाला ओळखू येतो, कारण आम्हीही तो बरीच वर्षं बाळगून होतो. घरातलं सहलीला निघालं की एक माणूस मागे राहतं. 'तिला त्रास होईल' असं म्हणून आपण निघतो. त्रास नेमका कुणाला होणार असतो, ते कुणी बोलत नाही.

तर क्रूझच का, इथून सुरू करू. व्हीलचेअरवरच्या माणसाला प्रवासात दमवतो तो अंतराचा भाग नव्हे, चढण्या-उतरण्याचा. गाडीतून लॉजवर, लॉजवरून गाडीत, रोज नवी खोली, नवं बाथरूम, नवी पायरी. क्रूझवर हॉटेलच तुमच्याबरोबर फिरतं. एकदा चढलात की आठवडाभर तीच खोली, तेच ओळखीचं बाथरूम, सगळीकडे लिफ्ट, आणि झोपून उठलात की बाहेर दुसरा देश. शिवाय चौदा माणसांना एकमेकांपासून पळायलाही जागा भरपूर. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

आता चुका. पहिली चूक आम्ही बुकिंगलाच केली. स्वस्त दिसल्या म्हणून आधी बाकीच्यांच्या केबिन घेतल्या आणि मग आत्याची विचारायला गेलो. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या केबिन जहाजावर मोजक्या असतात. त्या जहाजावरच्या संपल्या होत्या. "साधी घ्या, दोघं मिळून उचला की," असा सल्ला घरातूनच आला. आम्ही टेप काढली. आत्याची खुर्ची पंचवीस इंच रुंद. साध्या केबिनचं दार बहुधा बावीस ते चोवीस इंच. म्हणजे खुर्ची दाराबाहेर आणि आत्या आत पलंगावर, सात दिवस. वर बाथरूमला काही इंचांचा उंबरठा. खास केबिनचं दार निदान बत्तीस इंच असतं, बाथरूमला उंबरठा नसतो, शॉवरमध्ये बसायला घडीची सीट असते, भिंतीला दांडे असतात, आणि आत खुर्ची वळवायला जागा असते. आम्ही जहाज बदललं, तारीख बदलली, थोडं नुकसान सोसलं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी व्हीलचेअरची केबिन, मग तिच्या शेजारची, मग बाकीची वरात.

ही केबिन जास्त पैसे न मोजता मिळते, आणि ती कंपनीच्या दयाळूपणामुळे मिळत नाही. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. पण क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याखाली नोंदलेली असतात, बहामाज, पनामा वगैरे. कंपन्यांचं म्हणणं असं की तुमचा कायदा आमच्या जहाजावर चालत नाही. डग्लस स्पेक्टर आणि इतर काही प्रवासी कोर्टात गेले. जादा पैसे घेतले, संकटकाळी बाहेर काढायची आमच्यासाठी सोय नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन हा तो खटला. ६ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अमेरिकी पाण्यातल्या परदेशी जहाजांनाही हा कायदा लागू होतो. जहाजाच्या रचनेत कायमचे बदल किती करायला लावायचे यावर न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं, पण दार उघडलं ते उघडलंच. आत्या ज्या बत्तीस इंचांतून आत गेली, त्यामागे कुणीतरी काही वर्षं कोर्टात घासलेली आहेत.

विमानाचं थोडक्यात सांगतो. विमान कंपन्यांकडे व्हीलचेअरचे तीन मुख्य प्रकार असतात. लांब चालवत नाही पण जिना चढता येतो तो एक, जिना चढता येत नाही पण विमानातल्या सीटपर्यंत चालता येतं तो दुसरा, आणि सीटपर्यंत न्यावं लागतं तो तिसरा. नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हणाल तर पहिला प्रकार समजला जातो आणि दारात गोंधळ होतो. आत्या तिसऱ्यातली. किमान ४८ तास आधी कळवा आणि लेखी घ्या. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यायचा आग्रह धरा. गादी, पायटे, जे जे निघतं ते काढून आपल्या हातात ठेवा, नाहीतर ते हरवतं. खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता आधी कळवावी लागते. आणखी एक, अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियमही वेगळा तपासायचा.

समुद्र लागतो का, याची रंगीत तालीम इथंच करता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते, गाडी थेट बोटीत चढते. आम्ही आत्याला तिथं नेलं. तिला काही झालं नाही. डोंबिवलीच्या दादाला उलट्या झाल्या.

भाऊचा धक्का म्हटल्यावर आत्या तिच्या लहानपणात गेली. सहा-सात वर्षांची असताना ती याच धक्क्यावरून आगबोटीने देवगडला जायची. कोकणातल्या पुष्कळ बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची, मग पडाव यायचे, आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात माणसं उतरायची. आत्याला खलाशी खांद्यावर टाकून उतरवायचे, "पोत्यासारखं," हा तिचा शब्द. "सगळी बोट बघायची. कुणी मला विचारायचं नाही, आईला विचारायचे, हिला कुठं ठेवू?" हे आम्ही ऐकलं आणि विसरलो. त्याची आठवण पुढे व्हायची होती.

फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलहून आमचं जहाज निघालं. निघण्यापूर्वी प्रत्येकाला संकटकाळी कुठं जमायचं ते दाखवतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटलं आणि बत्तीस माणसं गेली. त्यातल्या काही प्रवाशांची ही कवायत झालीच नव्हती. त्यानंतर ती निघण्यापूर्वी किंवा निघताच करणं आंतरराष्ट्रीय नियमानं बंधनकारक झालं. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेहून जास्त माणसं गेली. आम्ही तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, आग लागली तर लिफ्ट बंद, मग आत्या खाली कशी येणार? उत्तर तयार होतं. तिचं नाव यादीत आहे, जिन्यावरून उतरवायची वेगळी खुर्ची आहे, अमुक कर्मचारी तिच्याकडे येतील. फक्त तो सगळं आम्हाला सांगत होता. आत्या म्हणाली, "मला सांगा. आगीत मी असणार आहे." तिने इंग्रजीतच म्हटलं. तो वाकला, सॉरी म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून तिला सांगितलं.

जहाजावरचा रोजचा त्रास एकच, लिफ्ट. जेवणाच्या वेळी धडधाकट माणसं दोन मजल्यांसाठी लिफ्ट भरून टाकतात. चार-चार लिफ्ट सोडाव्या लागायच्या. आम्ही जेवणाची पहिली पंगत मागून घेतली आणि प्रश्न निम्मा झाला. शाकाहारी जेवण आधी कळवलं तर मिळतं. तरी वहिनीने थेपले आणि मेतकूट आणलंच होतं, ते तिसऱ्या दिवशी देवासारखं वाटलं.

मेक्सिकोतलं कोझुमेल झालं. तिथं जहाज धक्क्याला लागतं, उताराच्या फळीवरून आत्या खाली. मग आलं ग्रँड केमन. तिथल्या जॉर्जटाउनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या बोटी प्रवाशांना नेतात. थोडक्यात, पडाव. नियम साधारण असा की समुद्र शांत असेल तर हाताने ढकलायची खुर्ची बोटीत घेतात, पण कर्मचारी माणसाला उचलत नाहीत, आणि शेवटचा शब्द जहाजाचा. त्या सकाळी लाटा होत्या. अधिकारी म्हणाला, आज खुर्ची नेता येणार नाही.

आमच्यातले तीन धट्टेकट्टे पुढे झाले. आम्ही उचलतो, दोन मिनिटांचं काम. परवानगीसाठी हुज्जत सुरू झाली. न्यू जर्सीचा भाऊ कायदा सांगायला लागला. एक जण म्हणाला, मग आम्ही दोघं तिच्यासाठी थांबतो. दुसरा म्हणाला, नाही, आम्ही थांबतो. दहा मिनिटं हे चाललं होतं आणि आत्या मध्ये बसली होती. तिला कुणीही विचारलं नव्हतं. आईनेच शेवटी म्हटलं, "अरे, तिला विचारा."

आत्या म्हणाली, "एकदा खांद्यावरून उतरले आहे. पुन्हा नाही. आणि माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. तुम्ही थांबलात तर दिवसभर मला तुमचं मन राखावं लागेल. जा."

आम्ही गेलो. खरं सांगायचं तर जड मनाने गेलो आणि अर्ध्या तासात हलक्या मनाने फिरत होतो. संध्याकाळी परत आलो तर आत्या वरच्या डेकवर, कॅनडाच्या एका बाईबरोबर. तीही व्हीलचेअरवर. दोघींनी पत्ते खेळले होते, जहाजाचं ग्रंथालय पाहिलं होतं, आणि रिकाम्या लिफ्टमधून सगळे मजले फिरल्या होत्या. आत्याच्या हातात चहाचा दुसरा कप होता.

या दुसऱ्या कपाबद्दल सांगायला हवं. आत्या घराबाहेर पाणी पीत नाही. आम्ही याला तिचा स्वभाव समजत होतो. बँकेत असताना सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत दोन घोट, कारण जाता येईल असं संडास नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं. मुंबई ते अमेरिका विमानातही तिने ओठ ओले करण्यापुरतंच पाणी घेतलं, आणि डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गाबद्दल आधी बजावलेलं असूनही आम्ही नुसतं "पी गं, पी गं" करत राहिलो. जहाजावर चौथ्या दिवसापर्यंत तिला कळलं होतं की प्रत्येक मुख्य मजल्यावर रुंद दाराचं स्वच्छतागृह आहे. तेव्हा ती चहा प्यायला लागली. आम्ही मात्र इतकी वर्षं तिला बडीशेप देत होतो.

जमैकाला फाल्मथचा धक्का होता. तिथं ती सगळ्यात आधी उतरली आणि बाजारात भाव करत राहिली. वाटाड्याने सांगितलं की १८४५ साली पहिली भारतीय गिरमिटिया माणसं या बेटावर आली. ती कशी उतरली असतील, असं तिने विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून भागणार नाही, काही किमान गोष्टी सक्तीच्या करा. ते वाचून आत्याने आमच्या सोसायटीला अर्ज दिला. आमच्या इमारतीला दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच. उताराचं माप एकास बारा. म्हणजे अठरा इंच चढायला अठरा फुटांचा रॅम्प. तो केला तर तीन स्कूटरची जागा जाते. सभेत स्कूटरवाल्यांनी विरोध केला. त्यात आमचीही एक स्कूटर होती, आणि पहिल्या सभेत आम्ही गप्प बसलो होतो, हेही सांगून टाकतो. आता ती स्कूटर विकली आहे. दोन जागा अजून राहिल्यात. पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, आणि आत्या म्हणाली आहे की बोलणार ती, आम्ही फक्त तिला तीन पायऱ्या खाली उतरवायचं.